जुन्या पिकअप ट्रकची दारं बसवणं आणि पत्र्याच्या गॅप जुळवणं: चॅसीपासून स्ट्रायकरपर्यंत

दार नीट लागत नाही म्हटलं की बहुतेक जण पहिला पाना लावतात तो स्ट्रायकरला (चौकटीवरची कडी, जिच्यात दाराचं लॉक अडकतं), नाहीतर बिजागरीच्या बोल्टला, आणि नंतर आठवडाभर एक गॅप (दोन पत्र्यांमधली फट) सुधारली की दुसरी बिघडते, दुसरी सुधारली की दार उंबऱ्याला घासतं, असं चक्र चालू राहतं. दार हे शेवटी जुळवायचं असतं. त्याच्या आधी चॅसी, मग केबिनचे माउंट (केबिन चॅसीवर जिथे रबर आणि बोल्टने बसते त्या जागा), मग दाराची चौकट, मग बिजागरीची पिन, आणि ही सगळी कामं झाल्यावर दार. या क्रमाने गेलात तर दार दोन दिवसांत बसतं, उलट्या क्रमाने गेलात तर महिनाभर बसत नाही. हा सगळा लेख मी त्या क्रमासाठीच लिहितोय.

आमच्या घरी डिचोलीला १९५१ ची शेव्हरोले ३१०० पिकअप आहे, आजोबांनी पोर्तुगीज राजवटीत घेतलेली, नारळ आणि सुपारी वाहायला. मुक्तीनंतरही बरीच वर्षं चालली, मग चिऱ्यांच्या भिंतीच्या शेडमध्ये उभी राहिली आणि गोव्याच्या हवेत उभ्या गाडीचं जे होतं ते झालं, वरून बरी दिसते पण उंबरे, केबिनचे मागचे कोपरे आणि दारांचा तळ खाऊन गेलेला. तिच्यावर काम करताना जे शिकलो ते लिहितोय. तुमची गाडी बेडफर्ड, डॉज, फार्गो किंवा जुनी टाटा मर्सिडीज असली तरी पद्धत तीच, फक्त बोल्ट कुठे आहेत ते बदलेल.

आधी दार त्याच गाडीचं आहे का बघा

हे ऐकायला विचित्र वाटेल पण सत्तर वर्षांत दार बदललेलं असण्याची शक्यता चांगलीच असते. आमच्या गाडीची ही पिढी १९४७ च्या मध्यापासून १९५५ च्या सुरुवातीपर्यंत बनली आणि मधे बारीक बारीक बदल होत गेले. दारातली पुढची छोटी फिरणारी काच १९५१ पासून आली, त्याआधी एकच सलग काच. बाहेरचं बटन दाबून उघडायचं हँडल १९५२ पासून, त्याआधी खाली फिरवायचं हँडल. आमच्या डाव्या दाराला बटनाचं हँडल होतं आणि उजव्याला फिरवायचं, म्हणजे डावं दार कधीतरी नंतरच्या गाडीचं आणून लावलेलं, आणि त्यामुळेच त्याचं लॉक चौकटीवरच्या स्ट्रायकरशी कधीच नीट जमत नव्हतं. हे कळायच्या आधी मी त्या बिजागरीवर दोन रविवार घालवले. तेव्हा दोन्ही दारं शेजारी शेजारी जमिनीवर गोणपाटावर ठेवा, हँडल, लॉक, काच, बिजागरीची भोकं सगळं एकमेकांशी ताडून बघा. दार वेगळं निघालं तरी टाकून द्यायची गरज नाही, पण लॉक आणि स्ट्रायकर एकाच जोडीचे हवेत.

आणि अजून एक, आधीच सांगतो. अमेरिकन गाडीत आटे इंची असतात. ५/१६ इंची बोल्ट म्हणजे ७.९४ मिमी, त्यामुळे आपल्या हार्डवेअरच्या दुकानातला ८ मिमीचा बोल्ट त्यात दोन आटे आरामात जातो आणि मग अडकतो, आणि कोणीतरी लांब पाना लावून तो पुढे ढकलला की बिजागरीचे बोल्ट घेणाऱ्या आतल्या प्लेटचे आटे संपले. दाराच्या चौकटीच्या खांबाच्या आतली ही प्लेट बाहेर काढणं म्हणजे पत्रा कापणं. म्हणून नवे बोल्ट इंचीच घ्या, आणि बसवण्याआधी प्रत्येक भोकातून त्याच मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हाताने फिरवून गंज काढून घ्या.

चॅसी: गवंड्याची नळी काढा

शेडची जमीन सपाट आहे असं धरून चालू नका, आमच्याकडे तर शेणाची जमीन होती त्यावर कोबा केलेला, एका कोपऱ्यात चक्क दोन इंच उतार. स्पिरिट लेव्हल एवढ्या लांबीवर फार कामाची नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी आणा, पाणी भरा, आतला हवेचा बुडबुडा पूर्ण निघेपर्यंत हलवा, आणि चॅसीच्या चार जागा घ्या, पुढच्या केबिन माउंटच्या खाली डावी उजवी आणि मागच्या माउंटच्या खाली डावी उजवी. चारही ठिकाणी चॅसीच्या वरच्या पृष्ठापासून पाण्याच्या पातळीपर्यंत किती मिमी ते खडूने चॅसीवरच लिहा.

गाडी चाकांवर उभी हवी, जॅकवर नाही. शिडीसारखी चॅसी रिव्हेट मारलेली असते, ती पिळली जाते, तशी पिळली जावी म्हणूनच ती बनवलेली असते. जॅक मधे लावून दार बसवलंत तर गाडी चाकांवर आल्यावर गॅप बदलणार. टायरची हवा चारही चाकांत सारखी करा, इंजिन आणि गिअरबॉक्स बसलेलं असू दे, रेडिएटर असू दे. एखादी स्प्रिंग बसून गेली असेल तर आधी ती करून घ्या. डावी-उजवी बाजू पुढे जेवढी कमीजास्त आहे तेवढीच मागेही कमीजास्त असेल तर चॅसी फक्त कललेली आहे, पिळलेली नाही, आणि कललेली चालते. पुढे डावी बाजू ४ मिमी खाली आणि मागे डावी बाजू ३ मिमी वर असं निघालं तर पीळ आहे. चाकांखाली पत्र्याचे तुकडे घालून बघा, बऱ्याचदा तो पीळ जमिनीचाच असतो.

केबिन माउंट: इथे अर्धं काम होतं

जुन्या रबरी माउंटचं काय झालेलं असतं ते बोल्ट सोडल्यावरच कळतं. काही ठिकाणी रबर चपटं होऊन रोटीसारखं झालेलं, काही ठिकाणी मागे कोणीतरी टायरचा तुकडा कापून घातलेला, काही ठिकाणी काहीच नाही, नुसता बोल्ट. आता केबिन ही तीन बाजूंनी पत्र्याची पेटी आणि दोन बाजूंना मोठी दारांची भोकं, त्यामुळे एखादा कोपरा अधांतरी असेल आणि तुम्ही बोल्ट आवळलात तर केबिनचा तो कोपरा खाली ओढला जातो आणि दाराची चौकट वाकडी होते. दार तेच, बिजागरी तीच, फक्त माउंटचा बोल्ट आवळला आणि मागची गॅप वर दीड मिमीने उघडली, हे मी स्वतः मोजलंय.

म्हणून असं करा. नवे रबर घाला, सगळ्या जागी एकाच जाडीचे आणि एकाच कडकपणाचे. सगळे बोल्ट हाताने बसवा पण आवळू नका. केबिन आपल्या वजनाने बसू दे, तासभर. मग प्रत्येक माउंटपाशी करवतीचं पातं आत सरकवून बघा, कुठे पातं सैल जातं. जिथे सैल जातं तिथे तेवढ्या जाडीचं वॉशर किंवा पत्र्याची शिम घाला, एक मिमी, दोन मिमी, जेवढी पोकळी तेवढीच. मग बोल्ट एकेक करून आवळा आणि प्रत्येक बोल्टनंतर दाराची चौकट मोजा. माप हललं तर तो बोल्ट केबिनला ओढतोय, सोडा, शिम बदला, परत. कंटाळवाणं काम आहे पण दुसरा मार्ग नाही.

चौकट मोजणं

आता चौकटीचे कर्ण. इथे एक चूक सगळे करतात, एकाच दाराच्या भोकाचे दोन कर्ण मोजतात आणि ते सारखे नाहीत म्हणून घाबरतात. ते सारखे नसतातच, कारण भोक आयत नाही, पुढचा खांब तिरका, वरचा कोपरा गोल. डाव्या भोकाचा एक कर्ण उजव्या भोकाच्या त्याच कर्णाशी ताडायचा. वरच्या बिजागरीच्या बोल्टापासून खालच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत, मग खालच्या बिजागरीपासून वरच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत. शिवाय केबिनच्या आतून आडवा, डाव्या खालच्या बिजागरीपासून उजव्या मागच्या खांबाच्या वरच्या टोकापर्यंत आणि उलट. ३ मिमीच्या आतला फरक मी सोडून देतो, एवढा फरक बिजागरीत निघतो. त्यापेक्षा जास्त असेल तर आधी चौकट.

उंबरे आणि केबिनचे कोपरे कापून नवे घालायचे असतील, आणि गोव्यातल्या गाडीला ते घालावेच लागतात, तर कापायच्या आधी आतून २५ मिमी चौकोनी पाइपचे आधार मारा, खांबापासून खांबापर्यंत आडवा एक आणि तिरका एक, आणि आधार मारताना जुनं दार जागेवर लावून ठेवा. नवा उंबरा फक्त टॅक करा (दोनचार ठिपक्यांचं तात्पुरतं वेल्डिंग), दार लावा, उघडबंद करा, गॅप बघा, आणि मगच पूर्ण वेल्डिंग. आमच्या गाडीचा उजवा उंबरा याआधी एका ठिकाणी बदलून घेतला होता तिथे दार काढून, आधाराशिवाय, एका दमात वेल्डिंग मारलं होतं, वेल्डिंग थंड होताना पत्रा आखडतो आणि चौकट खालून जवळजवळ ६ मिमीने आखूड झाली. तो उंबरा मला पूर्ण कापून परत करावा लागला, दुसरा काही इलाज नव्हता.

बिजागरीची पिन

दार अर्धं उघडा, मागच्या कडेला खालून हात घालून वर उचला. दार हललं तर कुठे हलतंय ते दुसऱ्याला बघायला सांगा. पिन आणि भोक यांच्यात हललं तर पिन झिजलीय. बिजागरीचं पान खांबावर हललं तर बोल्ट सैल किंवा आतली प्लेट सुटलीय. आणि खांबाचा पत्राच हलला तर खांब आतून गेलाय, आणि आधी टिंकरिंगचं काम.

झीज किती छोटी वाटली तरी तिचा परिणाम मोठा असतो, हे गणित करून बघा. दाराची रुंदी समजा १०० सेंमी आणि दोन बिजागऱ्यांमधलं अंतर ४० सेंमी. वरच्या पिनीत अर्धा मिमी आणि खालच्या पिनीत अर्धा मिमी सैलपणा असेल तर वरची बाजू मागे आणि खालची पुढे मिळून एक मिमी सरकते, आणि दाराचं मागचं टोक अडीच मिमी खाली येतं. म्हणजे जवळजवळ एक सूत (इंचाचा आठवा भाग). शिमने हे लपवता येतं पण दार उघडताना खाली पडणार, लावताना स्ट्रायकरवर चढणार, आणि तो खटका तुम्हाला प्रत्येक वेळी ऐकू येणार.

पिन काढायला घाई नको. दोनतीन दिवस रोज थोडं गंज सोडवणारं तेल मारा, मग गॅसने बिजागरीचा बाहेरचा भाग गरम करा, लाल नाही, नुसता गरम, आणि सुंब्याने खालून ठोका. बाहेर आली की व्हर्नियरने मोजा, जिथे झिजलेली नाही तिथे आणि झिजलेल्या जागी. भोकंही लंबगोल झालेली असतात, नुसती नवी पिन घालून उपयोग नाही. लेथवाल्याकडे बिजागरी न्या, भोक रीमर मारून गोल करून घ्या आणि एकतर त्या मापाची जाड पिन करून घ्या किंवा पितळेचा बुश (भोकात बसणारी छोटी नळी) घाला. बुश केला तर पुढच्या वेळी फक्त बुश बदलला की झालं, म्हणून मी बुशच करून घेतला. कुंडई किंवा डिचोलीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये हे काम करणारे मिळतात, चारही बिजागऱ्या एकदम द्या, नाहीतर एक दार घट्ट आणि एक सैल असं होतं.

दार लावायच्या आधी त्याला त्याचं वजन द्या

रिकामं दार जुळवलं आणि नंतर काच, काच वरखाली करायचं मशीन, लॉक, हँडल, छोटी काच फ्रेमसकट घातली की दार खाली येतं. ६ मिमी काच म्हणजे चौरस मीटरला १५ किलो, आणि वर ते जुनं लोखंडी मशीन. सगळं सामान एका पिशवीत भरून वजन करा, तेवढीच वाळू दुसऱ्या पिशवीत भरा आणि ती दाराच्या आत साधारण मधोमध ठेवा किंवा बांधा. दार पिळून सरळ करायचं काम, जे पुढे येतंय, ते काच आत असताना करता येत नाही, म्हणून वाळू.

दुसरं, बीडिंगचं रबर. हल्ली मिळणारं रबर बऱ्याचदा मूळच्यापेक्षा जाड किंवा कडक असतं. रबराशिवाय दार अगदी चपखल जुळवलंत, पेंट केला, आणि शेवटी रबर चिकटवलं तर दार बाहेर ४-५ मिमी उभं राहतं आणि मग सगळं पहिल्यापासून. तर ज्या रबराने शेवटी बसवणार त्याचेच दोन दोन इंचाचे तुकडे मास्किंग टेपने चौकटीवर सहा ठिकाणी लावा आणि त्यावर दार जुळवा.

गॅप मोजायला मी सनमायकाचे तुकडे वापरतो, सुताराकडे फुकट मिळतात, १ मिमीचे. पाच तुकडे एकावर एक फेविकॉलने चिकटवले की ५ मिमीची पट्टी, चार चिकटवले की ४. पत्र्याला ओरखडा येत नाही. ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत भाग पण चालतो.

गॅप किती ठेवायची? ५ मिमी, पेंटच्या आधी. नव्या कारसारखी ३ मिमी ठेवायच्या मागे लागू नका. एकतर कारखान्यातून ही गाडी कधीच तशी आली नव्हती, दुसरं म्हणजे प्रायमर, सरफेसर, पेंट मिळून समोरासमोरच्या दोन कडांवर अर्धा मिमी तरी जातोच, आणि तिसरं म्हणजे ट्रकची चॅसी खड्ड्यात पिळली जाते आणि दाराला हलायला जागा लागते. माझ्या मते सगळीकडे एकसारखी ५ मिमी ही एका ठिकाणी ३ आणि एका ठिकाणी ६ पेक्षा कितीतरी सुंदर दिसते, डोळ्याला आकडा कळत नाही, फरक कळतो.

आता दार

स्ट्रायकर काढून बाजूला ठेवा. खरंच काढा, सैल करून नाही. स्ट्रायकर जागेवर असेल तर तो दाराला उचलतो आणि तुम्हाला वाटतं दार बरोबर बसलंय.

दोघं जण लागतात. एकाने दार धरायचं, खाली जॅक आणि त्यावर जुना टॉवेल, दुसऱ्याने बोल्ट. खांबातली बोल्ट घेणारी प्लेट आत थोडी सरकणारी असते, गंजाने चिकटलेली असेल तर आधी तेल मारून मोकळी करा, नाहीतर बिजागरी हलवायला जागाच नाही. सगळे बोल्ट एवढेच आवळा की दार आपल्या वजनाने हलणार नाही पण रबरी हातोडीने ठोकल्यावर सरकेल.

क्रम असा: आधी मागची कड, कारण मागचा खांब हलवता येत नाही आणि केबिनच्या बाजूला डोळा तिथेच जातो. मग उंबऱ्यावरची कड. मग छपराची. पुढची कड सगळ्यात शेवटी, कारण तिच्या पुढचं मडगार्ड बोल्टने बसतं आणि ते हलवता येतं.

मागचं टोक खाली असेल तर काय करायचं, इथे खूप गोंधळ होतो म्हणून नीट सांगतो. ज्या गाडीत बिजागरीचं पान खांबाच्या दाराकडच्या तोंडावर बसतं तिथे खालच्या बिजागरीच्या मागे शिम घातली की दाराचा खालचा भाग मागे ढकलला जातो आणि मागचं टोक वर उचललं जातं. वरच्या बिजागरीच्या मागे घातली तर टोक खाली जातं. दोन्हीच्या मागे सारखी घातली तर पूर्ण दार मागे सरकतं, उंची तशीच. आणि किती उचललं जाईल ते त्याच गणिताने, रुंदी भागिले बिजागऱ्यांमधलं अंतर. आमच्या उदाहरणात एक मिमीच्या शिमने अडीच मिमी. टोक ५ मिमी खाली असेल तर २ मिमीची शिम, ४ ची नाही. अंदाजाने जाड शिम घालून मग परत काढत बसण्यापेक्षा एकदा पट्टीने मोजा.

पूर्ण दार वरखाली करायचं असेल तर खांबावरचं पान वरखाली सरकवा, आतबाहेर करायचं असेल तर बहुतेक गाड्यांत दाराच्या बाजूचं पान. तुमच्या गाडीत कुठली भोकं लांबट आहेत ते बघूनच कळेल. एका वेळी एकाच बिजागरीचे बोल्ट सैल करा. दोन्ही सैल केलीत की आधीची सगळी मेहनत गेली. आणि प्रत्येक बदलाआधी पानाच्या भोवती टोकदार खिळ्याने पत्र्यावर रेघ मारा, म्हणजे किती सरकवलं ते दिसतं आणि परत मागे यायची वाट राहते.

पृष्ठभागाची पातळी, म्हणजे दाराचा पत्रा आणि केबिनचा पत्रा एका रेषेत आहेत का, हे हाताने बघा. डोळे मिटून तळहात दारावरून खांबावर सरकवा, अर्धा मिमीचा खड्डाही कळतो. वर बरोबर आणि खाली मागचा कोपरा बाहेर, हे जवळजवळ प्रत्येक जुन्या दारात असतं. याला बिजागरी नाही, पीळ काढायचा. दाराच्या मागच्या कडेला, वरती, दार आणि खांब यांच्यात फणसाच्या लाकडाचा फडक्यात गुंडाळलेला ठोकळा धरा, आणि खालचा कोपरा गुडघ्याने हळूहळू आत दाबा. सोडा, बघा. परत थोडं. दार परत मागे येतं, स्प्रिंगसारखं, म्हणून पाहिजे त्यापेक्षा थोडं जास्त दाबावं लागतं. खाली बरोबर आणि वर बाहेर असेल तर ठोकळा खाली आणि वरची फ्रेम दाबायची, पण काचेची फ्रेम नाजूक असते तिथे हात हलका ठेवा. झटका द्यायचा नाही. झटक्याने बाहेरच्या पत्र्याला आडवी घडी पडते आणि ती काढायला टिंकरला अर्धा दिवस जातो.

कडा भरणं आणि कमी करणं

एवढं सगळं करून एखाद्या ठिकाणी गॅप ८ मिमी राहते, कारण तिथे कोणी तरी आधी पत्रा चुकीचा कापलाय. इथे पुट्टी भरायची नाही. दाराच्या कडेवरची पुट्टी चार महिन्यांत सुटते, दार आपटलं की कड उडते आणि खालून पाणी शिरून गंज चालू होतो. दाराच्या कडेला वेल्डिंगचे ठिपके मारत जा, एक इथे, दुसरा फूटभर लांब, मधे थंड होऊ द्या, आणि मग कानसीने पट्टी लावून रेषा सरळ करा. पत्रा साधारण १८ ते २० गेजचा असतो, म्हणजे मिमीभर जाड, एकाच जागी वेल्डिंग चालवत राहिलात तर बाहेरचा पत्रा लाटेसारखा उठतो.

गॅप कमी असेल तर ग्राइंडर घेऊन कड घासायचा मोह होतो. थांबा. दाराच्या बाहेरच्या पत्र्याची कड आतल्या पत्र्यावर दुमडलेली असते, ती घासून पातळ केलीत की दुमड उघडते आणि दार दोन भागांत सुटतं. एक मिमीपर्यंतचं काम हातोडी आणि डॉलीने (मागून धरायचा लोखंडी ठोकळा) कड आत ठोकून होतं. त्याहून जास्त घासावं लागलं तर घासा, पण उघडलेली दुमड ठिपक्या वेल्डिंगने परत बंद करा आणि लगेच प्रायमर मारा. आमच्याकडे जून ते सप्टेंबर उघडा पत्रा रात्रीत तांबडा होतो. पावसात हे काम करायचं असेल तर त्या दिवशी जेवढं घासलं तेवढं त्याच दिवशी झाकायचं.

स्ट्रायकर

आता स्ट्रायकर लावा, सैल. त्याचं काम दार धरून ठेवणं, उचलणं नाही. लॉकच्या तोंडाला थोडं ग्रीस लावा, दार हळू बंद करा, उघडा, स्ट्रायकरवर ग्रीस कुठे लागलं बघा. मधोमध लागलं पाहिजे. स्ट्रायकर काढून आणि स्ट्रायकर लावून, दोन्ही वेळा मागची गॅप मोजा, फरक शून्य हवा. मग आतबाहेर, लॉकचा दुसरा टप्पा दार रबरावर नीट दाबेल एवढं आत. पहिल्या टप्प्यावरही दार धरलं पाहिजे, तो सुरक्षेचा टप्पा आहे, तो लागत नसेल तर लॉक दुरुस्त केल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका, या गाड्यांत सीटबेल्ट नाही.

मडगार्ड आणि बोनेट

हे तुलनेने सोपं. मडगार्ड बोल्टनेच बसतं, खांबाला, आतल्या पत्र्याला, पायदानाला आणि पुढे रेडिएटरच्या चौकटीला. सगळे बोल्ट हातानेच लावून ठेवा आणि दाराच्या पुढच्या कडेशी ५ मिमीची पट्टी धरून मागून पुढे आवळत जा. दाराशी गॅप वर जास्त आणि खाली बरोबर असेल तर रेडिएटरच्या चौकटीखाली शिम घाला, नाक वर उचललं की मडगार्डचं मागचं वरचं टोक दाराकडे येतं. उलट असेल तर शिम काढा. दोन्ही मडगार्ड झाल्यावरच बोनेट, आणि बोनेटच्या मागच्या कडेची काचेखालच्या पत्र्याशी गॅप आधी, बाजूच्या नंतर. बोनेट पहिल्यांदा बंद करताना कोपऱ्यांना मास्किंग टेपचे तीन थर लावा आणि शेवटचे दोन इंच हाताने खाली न्या.

सगळं मनासारखं झालं की पेंटसाठी परत सुटं करायचं असतं. त्याआधी प्रत्येक बिजागरीच्या पानातून खांबापर्यंत ३ मिमीची दोन दोन भोकं पाडा, पानाच्या दोन टोकांना. पेंटनंतर बिजागरी लावताना त्या भोकांत ३ मिमी ड्रिलची मागची बाजू घातली की पान अगदी तिथेच येतं, मग बोल्ट आवळा. नव्या पेंटवर दार मागेपुढे सरकवत बसावं लागत नाही. कुठली शिम कुठे होती ते प्रत्येक शिमवर पक्क्या शाईने लिहा, डावी वर, डावी खाली असं, आणि वेगवेगळ्या डब्यांत ठेवा.

पाणी

दाराच्या तळाला पाणी जायची भोकं असतात, आमच्या दोन्ही दारांत ती लाल मातीने बुजली होती आणि म्हणूनच तळ गेला होता. काच वरखाली होते त्या फटीतून पाणी दारात शिरणारच, ते थांबवायचं नसतं, खाली सोडायचं असतं. भोकं ८ मिमीपर्यंत मोकळी करा, पेंट झाल्यावर परत बघा कारण पेंटने बुजतात, आणि आत पोकळीत मारायचं मेण दाराच्या तळावर आणि दुमडीत भरपूर मारा. समुद्राच्या बाजूला राहत असाल, कळंगुट, कोलवा वगैरे, तर दर पावसाळ्याआधी परत.

नवं रबर चिकटवल्यावर त्यावर टाल्कम पावडर लावा आणि दार चारपाच दिवस बंद ठेवा, पहिल्या दिवशी जोर लावावा लागतो म्हणून स्ट्रायकर बाहेर सरकवू नका, रबर बसतं. मग वर्तमानपत्राची पट्टी दारात अडकवून चारही बाजूंनी ओढून बघा, जिथे सहज सुटते तिथे रबर टेकत नाही. त्यानंतर नळी घेऊन पाणी मारा, खालून वर, एकेक फूट, आत कोणीतरी टॉर्च घेऊन बसलेलं. वरून एकदम मारलंत तर पाणी कुठून आलं ते कळत नाही.

आम्ही हे सगळं चवथीच्या आठ दिवस आधी संपवलं. पहिली फेरी सांखळीवरून चोर्ला घाटाच्या पायथ्यापर्यंत आणि परत, खड्डे होते तेच बरं, कारण माउंटची रबरं आणि बिजागऱ्या अशा रस्त्यावरच आपल्या जागी बसतात. घरी आल्यावर गाडी गार होऊ दिली आणि सनमायकाची पट्टी घेऊन परत सगळ्या गॅप मोजल्या. डाव्या दाराचं मागचं टोक एक मिमी खाली आलं होतं. मागच्या डाव्या माउंटचा बोल्ट अर्धा फेरा सैल झाला होता, तो आवळला, दार परत जागेवर. बिजागरीला हात लावावा लागला नाही. तुम्हीही पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर असंच करा, माउंट आधी बघा, मग बिजागरीचे बोल्ट, मग स्ट्रायकरचे, आणि सगळे आवळून झाल्यावरच ठरवा काही हलवायचं आहे का.